लांब दांड्याची पळी

माझी कंबर अजिबात दुखत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण विद्यापीठातल्या एका वर्गात मध्यंतरी माझी कंबर फार प्रसिद्ध झाली होती. तिची चित्रं काढली गेली, ती किती वाकते यावर पोरांनी वाद घातले आणि तिच्यासाठी सायकलच्या ब्रेकची तार वापरून एक यंत्र तयार झालं. कंबर ठणठणीत आहे. पाटावर बसले तर जमिनीला हात न टेकता उठते. दुखणं दुसरीकडे होतं आणि ते मी कुणाला दिसू देत नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी तर मूठच थरथरत होती, त्यामुळे झाकणं भाग होतं.

आमचं घर बनारसला, दूधविनायकाच्या गल्लीत. ह्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्येपण चालत आलेलं आहे. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, दशाश्वमेधावर स्नान उरकतात, हे त्यांचं गंगापूजन, श्राद्ध, जे काही असेल ते करून देतात आणि मग सगळी मंडळी आमच्याकडे जेवायला येतात. जेवणाचं खातं माझं. वरण, भात, आमटी, अळूचं फतफतं, पुरण, खीर. साताऱ्या-सांगलीकडची माणसं गावी परत जाऊन एकमेकांना सांगतात की काशीला गेलात तर अमक्या गुरुजींकडेच उतरा, काकूंच्या हातचं जेवण सोडू नका. मंत्र सगळेच गुरुजी म्हणतात. आमच्याकडे लोक माझ्या हातच्या जेवणासाठी येतात, असं मी मनातल्या मनात मानत आले आहे आणि त्याची मला घमेंड आहे. ह्यांना ते माहीत आहे, म्हणून हे कधी वाद घालत नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी आमच्यासारखंच एक घर आहे. तिथल्या बाईंनी दोन-तीन वर्षांपूर्वी स्वयंपाक सोडला. आता केटररचे डबे येतात, वाढायला त्याचीच माणसं असतात आणि बाई इस्त्रीची साडी नेसून दाराशी उभ्या राहून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात. मला एकदा म्हणाल्या, ‘आता कसं अगदी आराम झालाय हो.’ असं म्हणताना त्या हसत होत्या, पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. घरी येऊन मी कारण नसताना सगळी पितळी भांडी घासायला काढली.

तर माझा उजवा हात थरथरायला लागला. सुरुवातीला वाटलं दगदग झाली असेल. मग लक्षात आलं की पोळी लाटताना काही होत नाही, विळीवर बसलं की काही होत नाही, आणि पंगतीत तुपाची पळी हातात घेतली की नेमका सुरू होतो. आमच्याकडे पानं वाढून झाली, भाताच्या मुदी पडल्या, वरण पडलं, की शेवटी अन्नशुद्धीचं तूप वाढतात. एवढीशी पळी. प्रत्येक मुदीवर बारीक धार सोडायची. ती पडल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. सगळी पंगत हात मांडीवर ठेवून वाढणाऱ्या बाईच्या हाताकडे बघत बसलेली असते. तिथे माझी पळी वाटीच्या कडेवर टकटक वाजायला लागली.

मी मार्ग काढला. भाताच्या मुदी स्वयंपाकघरातच पाडायच्या, तिथेच त्यांच्यावर तूप घालायचं आणि ताटं तयार करूनच बाहेर पाठवायची. हे म्हणाले, ‘अगं, अन्नशुद्धी पानावर वाढायची असते, सगळ्यांसमोर.’ मी म्हटलं, ‘आत वाढलं काय नि बाहेर वाढलं काय, तूप तेच ना?’ हे पानं मांडायला निघून गेले. शास्त्रात मी ह्यांना असं कधी उलट बोललेली नव्हते. आत जाऊन चुलीपाशी उभी राहिले तेव्हा कानशिलं तापली होती. ज्या गोष्टीसाठी लोक घाट चढून, गल्ल्या शोधत माझ्याकडे येतात, ती मी चोरून करत होते.

याच सुमारास पुतणीनं तो वर्ग लावला. पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. दीर रेल्वेत, बदलीची नोकरी, म्हणून कॉलेजसाठी ती आमच्याकडे राहते. ती इतिहास शिकते. एक दिवस विद्यापीठातून आली ती नाचतच.

‘काकू, मी इंजिनिअरिंग घेतलं.’

‘आणि इतिहास?’

‘तो पण आहे ना! हा अलग क्लास आहे, शनिवारचा. ज्याला शौक आहे त्यानं यायचं. कॉमर्सवाले, संगीतवाले, सगळे येतात. इंजिनिअर नाही व्हायचं गं, फक्त समझून घ्यायचं की चीज बनते कशी.’

इंजिनिअरिंगची तोंडओळखच म्हणा. शिकवायला एक मॅडम होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी म्हणे सगळ्यांना एक-एक बॉलपेन दिलं आणि खोलून परत जोडायला सांगितलं. पुतणीनं घरी येऊन कुकरची शिट्टी खोलली, मग नळ, मग माझं किसण्याचं यंत्र. नळ परत जोडताना चुकला आणि ह्यांचं संध्येचं पाणी बंद झालं. पण मला ती भुणभुण आवडायची. वजन टोकाशी धरलं की जड का लागतं, सांडशी एवढी लहान असून एवढं पातेलं कसं उचलते, असलं काहीबाही ती विचारायची आणि मग स्वतःच उत्तर सांगायची. आयुष्यभर जे हातानं करत आले त्याला कारणं असतात हे ऐकून मजा वाटायची.

मग त्यांना काम मिळालं. तीन-तीनजणांचा गट करायचा, कुणा एका माणसाचं एखादं रोजचं काम बघायचं आणि ते सोपं होईल असं काहीतरी बनवायचं. मॅडमची अट अशी की आधी बनवायचं नाही, आधी बघायचं. माणूस सांगतो एक आणि करतो एक, म्हणून त्याच्या घरी जाऊन, तो काम करत असताना, गप्प बसून बघायचं.

‘आमच्या ग्रुपनं तुला घेतलंय,’ पुतणी म्हणाली. ‘तुझं वाढणं. आम्ही पंगत बघायला येणार.’

 नाही म्हणायला हवं होतं. पण ती इतक्या कौतुकानं म्हणाली, ‘मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या काकूसारखं पूरे बनारसमध्ये कोणी वाढत नाही,’ की मी ‘या’ म्हणून बसले. घमेंड नडते ती अशी.

मी तयारीला लागले. बघायला येणार आहेत ना, मग काय बघतील ते आपण ठरवायचं. आमच्या स्वयंपाकघरातलं सोवळं एरवी तसं बेताचंच. कुकर आहे, मिक्सर आहे, मोबाइल डब्यावर ठेवलेला असतो. पण त्या दिवशी मी असं कडक सोवळं काढलं की माझ्या सासूबाई असत्या तर डोळे पुसले असते. पोरं आली तशी उंबऱ्यातूनच सांगितलं, ‘इसके अंदर नहीं आना बेटा, हम सोवळे में हैं.’ गटात पुतणीखेरीज कॉमर्सचा एक उंच मुलगा होता आणि चित्रकलेची एक मुलगी. दोघंही बिचारी चपला काढून, हात जोडून बाहेर भिंतीशी बसली. पुतणी उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. घरात एवढं सोवळं तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

दारावर पडदा ओढून घेऊन आत मी मुदींवर तूप घातलं, दोन्ही हातांनी वाटी धरून. आमटी वाढायचं काम ह्यांच्या शिष्याकडे दिलं. मी बाहेर आले ती पोळ्या, भाजी, लोणचं, मीठ असलं सुकं घेऊन. आणि नुसतं हेच बघितलं तर पोरांना संशय येईल म्हणून वर एक नाटक केलं. तिसऱ्या-चौथ्या पानाशी वाकले आणि कमरेवर हात ठेवून मोठ्यानं म्हटलं, ‘आई गं! कंबर गेली बाई.’ उंच मुलानं लगेच मोबाइल वर केला. मग काय, प्रत्येक पानाशी मी कण्हले. पंगतीतल्या एक आजीबाई म्हणाल्या, ‘बसा हो काकू, किती करता!’ ते ऐकून मला वर तोंड करून बघवेना, पण मी थांबले नाही.

पोरं खूश होऊन गेली. नंतर आठवडाभर आमच्या अंगणात त्यांची खलबतं चालायची. चित्रकलेच्या मुलीनं माझं वाकलेलं चित्र काढलं होतं. त्यात माझं पोट जरा जास्तच आलं होतं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उंच मुलाची कल्पना अशी की एक लांब दांडा करायचा, त्याच्या खालच्या टोकाला तुपाची वाटी, वरच्या टोकाला सायकलच्या ब्रेकची मूठ. मूठ दाबली की तार ओढली जाऊन वाटीचं छिद्र उघडेल आणि ठरलेलं तेवढंच तूप पडेल. आंटींना वाकायलाच नको.

मी ताक करत होते. अंगणातून पुतणीचा आवाज आला. ‘डंडा छोटा रखते हैं. या फिर डंडा ही नहीं. दोनों हाथ से पकड़ने वाला कुछ बनाते हैं, चौड़ा-सा.’

‘दोनों हाथ से क्यों? झुकना तो फिर भी पड़ेगा. आंटी की दिक्कत तो कमर है न?’

अंगणातून नळी कानसीनं घासल्याचा आवाज येत राहिला.  मग तो उंच मुलगा दारापाशी आला आणि मलाच विचारलं, ‘आंटी, कमर ही है न?’

‘हाँ बेटा, कमर ही है,’ मी म्हटलं.

पुतणी त्याच्यामागे उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, ‘ठीक है. लंबा बनाओ.’ मला वाटलं पोरगी हट्टी आहे, आपलं म्हणणं पडलं म्हणून फुगली. रवी धरून मी उरलेलं ताक घुसळलं.

प्रदर्शनाच्या दिवशी विद्यापीठाच्या त्या मोठ्या खोलीत सगळ्या गटांनी आपापली यंत्रं मांडली होती. कुणी पाठीवरच्या दप्तराला काही केलं होतं, कुणी चहावाल्याच्या काचेच्या ग्लासांसाठी जाळी. आमच्या पोरांनी तर खरीखुरी पंगत मांडली होती. सतरंज्या, पत्रावळी, पत्रावळीवर भात. मॅडम आणि त्यांचे दोन सहकारी प्राध्यापक बूट काढून मांडी घालून बसले. मी जरीकाठाची साडी नेसून गेले होते. माझी समजूत अशी की पुतणी वाढून दाखवील, मी शेजारी उभी राहून मान डोलवीन. पुतणीनं दांडा उचललाही. घरी तिनं तेल घालून कितीदा तरी वाढून बघितलं होतं, थेंब इकडचा तिकडे होत नव्हता.

मॅडम म्हणाल्या, ‘आप नहीं. जिनके लिए बना है, वो परोसेंगी.’

पुतणी म्हणाली, ‘मैम, आज हम ही कर के दिखा दें? काकी को आदत नहीं है.’

‘आदत नहीं है, इसीलिए तो.’

दांडा माझ्या हातात आला. माझ्या छातीएवढा उंच, पोकळ नळीचा, वर लाल मूठ. खोलीतली सगळी पोरं भोवती गोळा झाली. मी पहिल्या पत्रावळीशी उभी राहिले. ज्यांनी लांब काठीनं छतावरची जळमटं काढली असतील त्यांना सांगायला नको की हातापाशी मनगट जरासं हललं तरी पलीकडचं टोक कुठल्या कुठे जातं. माझा हात सुरू झाला. वाटी भातावरून मिठावर, मिठावरून सतरंजीवर, तिथून परत भातावर अशी डुलायला लागली. मी घाबरून मूठ दाबली. तूप एका प्राध्यापकांच्या गुडघ्यावर पडलं. मी दांडा सावरायला गेले तर मूठ दाबलेलीच राहिली आणि धार मॅडमच्या बाहीवरून सतरंजीभर फिरली. मागं कुणीतरी खुदकन हसलं, आणि त्याला कुणीतरी गप्प केलं. ते गप्प करणं हसण्यापेक्षा वाईट होतं. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात तसं अगदी झालं. जरीकाठाची साडी नेसून, सगळ्या विद्यापीठासमोर, अन्नावर मी तूप शिंपडत उभी होते आणि हात थांबत नव्हता.

मॅडमनी बाही पुसलीसुद्धा नाही. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मग उठल्या, माझ्या हातातून दांडा अलगद काढून घेतला आणि पोरांकडे वळल्या.

‘इनका हाथ काँपता है. ये आपकी रिपोर्ट में कहीं नहीं है. आप लोग इनके घर गए भी थे, या बैठे-बैठे लिख दिया?’

उंच मुलाचा चेहरा पडला. तो माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, आता हा म्हणणार की यांनी आम्हाला कंबर सांगितली. म्हणाला असता तर खरंच होतं. पण त्याच्याआधी पुतणी बोलली.

‘गए थे मैम. मैं तो रहती ही वहीं हूँ. मेरी गलती है, मैंने ध्यान नहीं दिया.’

‘रहती हैं और ध्यान नहीं दिया?’

‘जी.’

‘फिर आपने इस क्लास में सीखा क्या?’

 मॅडमनी सांगितलं की हे काम धरता येणार नाही, परत घरी जाऊन बघा, परत लिहा, नाहीतर तिघंही नापास. मी तिथेच होते. दोन पावलांवर. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की मुलांची चूक नाही, मीच लपवलं. हिंदी मला काही परकी नाही, जन्म इथे गेला. पण मी उजवा हात पदराखाली घेतला आणि तूप सांडलेल्या सतरंजीकडे बघत राहिले. हाताची लाज वाटत होती तोवर ठीक होतं. माझी लाज राखायला एक पोर सगळ्यांसमोर निर्बुद्ध ठरली आणि मी तिला ठरू दिलं, त्यानंतर जे वाटलं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात, ते हेच असेल.

ई-रिक्षात तो दांडा आमच्या दोघींच्या मांडीवर आडवा होता. गोदौलियाच्या गर्दीत पुतणी एवढंच म्हणाली, ‘आत घे जरा, कोणाला लागेल.’  घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले आणि दांड्याची वाटी घासायला बसली. मी तिच्या मागे उभी राहिले.

‘तुला माहीत होतं?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘काकू, मी रोज सकाळी तुझ्या हातचा चहा पिते. आधी कप भरलेला यायचा. आता आधा येतो, आणि तो पण बशीत ठेवून.’

‘मग बोलली का नाहीस? त्या पोरांना सांगायचंस.’

तिनं घासणं थांबवलं. ‘तू काकांना पण कळू देत नव्हतीस. मी बाहेरच्यांना कसं सांगू? मला वाटलं, हे लोक बघायला आले की तू आपोआप दाखवशील. म्हणून तर तुला घेतलं. पण तू तर सोवळंच काढलंस.’

ती रागावली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते, तो माझा स्वभाव आहे. ती रागावलेली नव्हती. मी तिच्याशेजारी मोरीच्या काठावर बसले आणि आधी नुसतं रडून घेतलं.

त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. सांगितलं म्हणजे तुपाची पळी हातात घेऊन समोर धरली. ह्यांना खरंच काही दिसलेलं नव्हतं. पूजेत ह्यांचं लक्ष मंत्रात आणि पंगतीत यजमानांच्या दक्षिणेत. माझ्या हाताकडे बघून हे म्हणाले, ‘अगं, एवढंच ना? उद्यापासून तूप मी वाढतो. आणि हळूहळू बाकीचं बाहेरून मागवू. तू नुसती बस. किती दिवस राबायचं?’

ह्यांच्या आवाजात माया होती. म्हणूनच अंगावर काटा आला. मला इस्त्रीची साडी दिसली आणि दाराशी उभी असलेली मी दिसले. मी म्हटलं, ‘डॉक्टरला दाखवते. पण वाढणं सोडणार नाही. आणि आधी त्या पोरांना परत बोलवायचंय. ती माझ्यापायी नापास होतायत.’

‘परत? सगळ्यांसमोर?’

‘सगळ्यांसमोर,’ मी म्हटलं. म्हणून बसले खरी, पण त्या कल्पनेनंच पळी वाजायला लागली.

पोरं परत आली त्या दिवशी कराडकडचं एक कुटुंब आलं होतं, आईच्या श्राद्धाला. पानं मांडली. पोरं भिंतीशी बसली. या खेपेला सोवळ्याचा पडदा मी स्वतः बाजूला बांधून ठेवला आणि पोरांना म्हटलं, ‘अंदर भी देख लो, जो देखना है.’ ह्यांनी शिष्याला बाजूला बसवलं. वरण-भात झाला, आमटी झाली. आमटी दोघांच्या पानात पसरली, तेवढं चाललं. मग सगळ्यांनी हात मांडीवर ठेवले आणि मी तुपाची वाटी घेऊन बाहेर आले.

पहिलं पान यजमानांचं. मोठे शांत गृहस्थ, आईचं नुकतंच पिंडदान करून आलेले. मी वाकले. पळी वाटीच्या कडेवर वाजली. सगळ्या खोलीत तेवढाच आवाज. तूप मुदीवर पडलं, तसं पानाच्या कडेवर, मिठावर आणि जमिनीवरही पडलं. गृहस्थांनी फक्त धोतराचा सोगा हळूच आवरून घेतला. त्यांना वाटलं मला दिसलं नाही. मला दिसलं, आणि वाटी तिथेच ठेवून आत पळून जावंसं वाटलं. भिंतीशी बसलेल्या उंच मुलानं मोबाइल खाली ठेवला होता आणि तोंड फिरवून तो खिडकीकडे बघत होता. चांगल्या घरचा मुलगा. मला त्याचे आभार मानावेसे वाटले.

‘उधर क्या देख रहे हो?’ पुतणी त्याला हळूच पण स्पष्ट म्हणाली. ‘इधर देखो.’

त्यानं मान वळवली. कानापर्यंत लाल झाला होता. मग वहीबिही बाजूला ठेवून तो उठून माझ्यापाशी आला, उकिडवा बसला आणि माझ्या हाताकडे बघत, अगदी साध्या आवाजात, जणू मी त्याला नळाबद्दल काही सांगणार होते, असं विचारलं, ‘आंटी, ये सबसे ज़्यादा कब काँपता है? भारी चीज़ उठाने पर? या झुकने पर?’

पंगत थांबली होती. हे बघत होते, यजमान बघत होते, कराडची सगळी माणसं बघत होती. माझ्या हाताबद्दल आजवर मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पोळी लाटताना नाही. विळीवर नाही. एकटी असताना देवापुढच्या समईत तेल घालते तेव्हाही नाही.

‘जब लोग देखते हैं, तब,’ मी म्हटलं.

तो गोंधळला. एकदा पुतणीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ‘तो आंटी... हम लोग उधर मुँह कर लें?’

तो खरंच वळला असता. सगळ्यांना वळायला लावलं असतं. आणि माझा हात कदाचित थांबलाही असता.

‘नहीं,’ मी म्हटलं. ‘देखो.’

आणि पुढच्या पानाशी वाकून पळी भरली. तूप सांडलं.